बोरघाटाचीं वळणें आणि तीन मोटारी

बोरघाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत खुला झाला. बैलांच्या चालीसाठीं आखलेली ती वाट पुढें मोटारींची कसोटी ठरली.

घाटाच्या पायथ्याशीं, शिळफाट्यास माझें बालपण गेलें. ॲम्बॅसडर जड, परंतु हत्तीसारखी स्थिर. फियाट हलकी व चपळ. (आमच्या लेखीं दोन्ही श्रीमंतांचीं वाहनें!) दोहोंच्याही मागील चाकांस एकच अखंड आंस. १९६१ पासून मद्रासेस होऊं लागलेली स्टँडर्ड हेरल्ड मात्र निराळी. तिचीं मागचीं चाकें परस्परांपासून स्वतंत्र हालत. १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही विलायती स्पोर्ट्‌स कार याच मांडणीची. हेरल्ड अगदीं थोड्या जागेंत वळे, म्हणून घाटांत ती हातास फार गोड. तथापि भर वळणांत चालकानें घाबरून वेग एकाएकीं तोडला, कीं बाहेरचें मागील चाक आंत दुमडूं पाही आणि गाडीची शेपटी दरीकडे सरके.

आमचे मामा हेरल्ड बाळगून होते. वेग आवरावयाचा तो वळणाआधीं, वळणांत पाय स्थिर, हा त्यांचा नेम. मामी मात्र शिळफाटा येईपर्यंत अवाक्षर बोलत नसत. पुढें १९७२ च्या गॅझेल मोटारींत कारखान्यानें पुन्हां अखंड आंसच घातला. मामांना तें रुचलें नाहीं.