मनगटावरची तीन बोटं



मागच्या महिन्यात बचतीचा हिशेब उरकल्यावर आमच्या बैठकीत बाळंतपणाच्या गोष्टी निघाल्या. सिझर झालेल्या चौघीजणी होत्या. टाक्यांबद्दल फारसं कुणी बोललं नाही. तिघींना आठवली ती टेबलावरची उलटी. कमरेखाली सगळं बधिर, पोट उघडं आणि घशाशी येतंय. एक ताई म्हणाली, "मी दात आवळून पडून राहिले. डॉक्टर कामात होते, त्यांना मध्येच कसं सांगायचं?" तेवढ्यात दुसरीने विचारलं, "चीनमध्ये म्हणे मनगटात सुई टोचली की उलटी थांबते. खरं का हे?" तेव्हापासून आम्ही या प्रश्नाच्या मागे आहोत. जे हाती लागलं ते आज सांगतो.

बाळंतिणीला भूल देण्याची सुरुवात झाली 1847 साली, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात. जेम्स सिम्पसन या डॉक्टरांनी आधी ईथर वापरलं, मग क्लोरोफॉर्म. वेदना कमी झाल्या, पण मळमळ आणि उलटी या भुलेच्या मागोमाग आल्याच. पुढे 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. मेंडेलसन यांनी 44,016 बाळंतपणांच्या नोंदी मांडल्या. त्यात 66 जणींच्या बाबतीत, भुलेत असताना, पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं होतं. शस्त्रक्रियेआधी आपल्याला उपाशी का ठेवतात, त्याचं कारण इथे आहे. सासूबाईंनी प्रेमाने आणलेला शिरा नर्सबाई परत पाठवतात, तो उगाच नाही.

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करण्याची रीत जर्मनीच्या ऑगस्ट बिअर यांनी 1898 मध्ये सुरू केली. त्यांनी ती स्वतःवर आणि मदतनिसावरही करून पाहिली. पुढे बिअर यांचं डोकं कित्येक दिवस दुखत राहिलं. आज बहुतेक सिझर याच पद्धतीने होतात. बाई जागी राहते, बाळाचं रडणं ऐकते. पण या इंजेक्शनने रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि मळमळ ही त्याची पहिली खूण असू शकते. गर्भाशय हाताळतानाही पोटात ढवळतं. नंतर दुखू नये म्हणून इंजेक्शनात मॉर्फिनसारखं औषध घातलं असेल, तर त्यानेही उलटी होते, अंगाला खाज सुटते.

आता सुईकडे येऊ. तळहात वर करा. मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाच्या वरच्या कडेला, मधल्या दोन ताठ दोऱ्यांच्या बेचक्यात जी जागा येते, तिला चिनी वैद्य नेईग्वान म्हणतात, म्हणजे आतला दरवाजा. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी चीनला गेले होते. तिथे गरोदर बायकांना सकाळची मळमळ थांबवायला ही जागा दाबायला सांगतात, हे त्यांना कळलं. परदेशी पाहुणे असं ऐकतात आणि विसरतात. डंडींनी घरी येऊन ते तपासलं. बायकांच्या लहान शस्त्रक्रियांआधी मॉर्फिनच्या जातीचं औषध दिलं जायचं आणि त्याने मळमळ व्हायची. डंडींनी काहींना त्या जागी पाच मिनिटं सुई दिली, तर काहींना नुसत्या फसव्या जागी. खऱ्या जागेवरच्या सुईने उलट्या कमी झाल्या. हे 1986 मध्ये छापून आलं. मग त्यांनी आणखी एक शक्कल लढवली. ती जागाच आधी बधिर केली आणि मग सुई दिली. सुईचा गुण गेला! म्हणजे नुसत्या विश्वासाचा खेळ नव्हता, मज्जातंतूंचंही काही काम होतं. आम्हाला या माणसाचं कौतुक वाटलं, कारण "बायकांना होतंच ते" म्हणून त्यांनी उलटी सोडून दिली नाही.

सिझरचं काय? 2000 साली आयर्लंडमध्येच, पाठीतल्या इंजेक्शनवर सिझर झालेल्या बायकांची अशी तपासणी झाली. मनगटावर दाब देणारा पट्टा बांधलेल्यांना मळमळ कमी झाली. तैवानमध्ये 2006 साली सिझर झालेल्या बायकांना मात्र तसा फायदा दिसला नाही. 2015 मध्ये सगळ्या तऱ्हेच्या शस्त्रक्रियांच्या 59 चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. फसव्या उपचारापेक्षा ही जागा बरी ठरली, आणि उलटीच्या औषधांच्या तुलनेत फारसा फरक दिसला नाही. उपाय कामाचा आहे, पण हमखास नाही.

सुई भुलेची जागा घेते, असंही आपल्याकडे कुणी कुणी सांगतं. ती अफवा 1971 मध्ये पसरली. अमेरिकेचे पत्रकार जेम्स रेस्टन यांचं अपेंडिक्स पेकिंगमध्ये काढलं. शस्त्रक्रिया नेहमीच्या भुलेच्या इंजेक्शनवरच झाली. सुया आल्या त्या दुसऱ्या दिवशी, पोटातल्या वायूसाठी. लोकांनी मात्र उलटंच ऐकलं. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजय बसू पुढे चीनमध्ये सुईचं शास्त्र शिकून आले आणि त्यांनी ते भारतात आणलं.

आमच्या गटातल्या एकीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तिचं हे दुसरं सिझर. आम्ही तिच्यासोबत भूलतज्ज्ञ बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, एका हाताला सलाईन असतं, दुसऱ्याला रक्तदाबाचा पट्टा, तरी पट्टीचं बघू. सुई मात्र शिकलेल्याच माणसाने द्यायची. आणि मळमळायला लागलं की दात आवळायचे नाहीत, लगेच सांगायचं, म्हणजे त्या रक्तदाब बघून औषध देतील. पहिल्या खेपेला दात आवळून पडलेली ती ताई हीच. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अगं, एवढं सोपं होतं, मग मागच्या वेळी कुणी सांगितलं का नाही?"