लिबूर्न : नदीकाठचे बंदर आणि वाइनचा व्यापार

नकाशावर नैऋत्य फ्रान्स पाहा. बोर्दो शहर गारोन नदीवर आहे. तेथून पूर्वेकडे सुमारे ३० किलोमीटरवर, दोर्दोन्य आणि ईल या नद्यांच्या संगमावर लिबूर्न हे लहान शहर दिसेल. आता दोर्दोन्यच्या प्रवाहाबरोबर बोट खाली न्या. ती गारोनला मिळते, पण बोर्दो मागे पडल्यावर. म्हणजे लिबूर्नहून समुद्राकडे निघालेल्या जहाजाला बोर्दोच्या दारावरून जावे लागत नसे. या शहराच्या इतिहासात हे फार महत्त्वाचे ठरले.

नाव मात्र इंग्लंडचे आहे. ११५२ मध्ये आक्वितेनची वारस एलिआनोर हिने हेन्री प्लँटॅजेनेटशी विवाह केला. दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला. १२७० च्या सुमारास राजपुत्र एडवर्डचा अधिकारी रॉजर दि लेबर्न याने येथे ‘बास्तीद’ वसवले. बास्तीद म्हणजे मध्ये चौक आणि काटकोनात छेदणारे रस्ते अशी आधी आखणी करून उभारलेले गाव. लेबर्न हे केंटमधील त्याच्या घराण्याचे गाव. भरतीचे पाणी नदीतून येथपर्यंत चढते. त्यामुळे जहाजे भरतीबरोबर येत आणि वाइनची पिंपे भरून ओहोटीबरोबर निघत. (जहाजाची क्षमता मोजण्याचा ‘टन’ हा शब्दही मुळात वाइनच्या पिंपाचाच.) १४५३ मध्ये जवळच्याच कास्तियों येथे इंग्रज हरले आणि हा प्रदेश फ्रेंच राजाकडे गेला.

बोर्दोच्या नागरिकांनी मात्र आपला फायदा पक्का करून ठेवला होता. नदीच्या वरच्या भागातील वाइन ठरावीक दिवसापर्यंत, पुढे नाताळापर्यंत, त्यांच्या बंदरात येऊ देत नसत. त्या काळी वाइन वर्षभर टिकत नसे. आधी विकेल त्याला चांगला भाव. हे निर्बंध तुर्गोने १७७६ मध्ये रद्द केले.

व्यापाराची ही विभागणी १८५५ च्या प्रसिद्ध वर्गवारीतही दिसते. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी उत्तम वाइनची यादी केली, तीही मुख्यतः बाजारभावावरून. तांबड्या वाइनमध्ये एक अपवाद सोडता सगळी नावे मेदोक भागातली. लिबूर्नला लागून असलेल्या साँतेमिलियों आणि पोमरॉल येथील एकही नाव त्यात नाही! तेथील माती हलकी होती असे मानायला आधार नाही. तो माल लिबूर्नच्या पेढ्यांमार्फत उत्तर फ्रान्स व बेल्जियमकडे जाई, बोर्दोच्या दलालांच्या वहीत तो फारसा येतच नसे. मला तरी हेच कारण अधिक पटते.

साँतेमिलियोंची स्वतंत्र वर्गवारी व्हायला १९५५ साल उजाडले. पोमरॉलची आजही नाही, आणि तेथील ‘पेत्रुस’ जगातील सर्वांत महागड्या वाइनपैकी एक आहे.