शब्दवेध : कार्ताझ

‘कार्ताझ’ म्हणजे पोर्तुगिजांचा समुद्री परवाना. मूळ अरबी ‘किर्तास’, म्हणजे कागद. त्याच्याही मागे ग्रीक ‘खार्तेस’. ‘कार्ड’ याच कुळातले. जहाजाचे नाव, नाखुदा (कप्तान), शस्त्रे, माल, सारे त्यात नोंदलेले असे. कागद नसला की जहाज जप्त! १५५९मध्ये पोर्तुगिजांनी दमण घेतले आणि शेजारच्या बोर्डी-डहाणू किनाऱ्यावरही या कागदाचा धाक बसला.

या धाकाच्या नेमके उलट, समुद्र कुणा एकाच्या मालकीचा नाही, असे डच पंडित ह्यूगो ग्रोटियसने १६०९मध्ये ‘मारे लिबेरुम’मध्ये मांडले. आंतरराष्ट्रीय कायद्याचा हा पायाभूत ग्रंथ. पण समुद्राच्या मालकीचा तो वाद पेटला पूर्वेकडच्या पाण्यात, हे विसरू नये. पुढे मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे कार्ताझसारखी स्वतःची दस्तके (परवाने) देऊ लागले. १७३९मध्ये डहाणूही पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आले.