प्रयोजक कर्ता : फकीरचंद कोहली आणि संगणक-संस्थेचे प्रमुखपद

उद्योगसंस्थेचा प्रमुख दिवसभर नेमके काय करतो, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर शोधण्याचा प्रयत्न हेन्री मिंट्सबर्ग यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला. पाच संस्थाप्रमुखांच्या प्रत्येकी एका आठवड्याच्या कामाचे निरीक्षण करून त्यांनी प्रमुखाच्या दहा भूमिका सांगितल्या. ही मांडणी उपयुक्त आहे यात शंका नाही. तथापि ज्या संस्थेजवळ तिच्या धंद्याचे मुख्य साधनच अपुरे आहे, तिच्या प्रमुखाने काय करावे, याचा उलगडा तीवरून होत नाही. त्यासाठी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संस्थेच्या आरंभकाळाकडे वळावे लागते.

१९६८ मध्ये टाटा सन्सचा एक विभाग म्हणून मुंबईत सुरू झालेल्या या संस्थेत फकीरचंद कोहली (१९२४–२०२०) १९६९ साली आले. त्यांचा हुद्दा जनरल मॅनेजरचा होता. आज त्यांना संस्थेचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणतात. ते मूळचे वीज-अभियंते. १९५१ पासून ते टाटांच्या वीज कंपन्यांत होते. खोपोली, भिवपुरी व भिरा येथील जलविद्युत् आणि ट्रॉम्बे येथील औष्णिक वीज मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना पुरविणे हे त्या कंपन्यांचे काम. मोठ्या प्रमाणावर वीज साठवून ठेवणे त्या काळी शक्य नसल्याने मागणी व पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागे. कोठला भार कोणत्या केंद्रावर टाकावयाचा आणि प्रसंगी कोठला तोडावयाचा, हा निर्णय लांबणीवर टाकता येत नसे. संगणकाकडे कोहली वळले ते याच गणिताच्या निमित्ताने, आणि पुढील आयुष्यात त्यांनी संस्थाही बहुधा याच दृष्टीने चालविली.

नव्या संस्थेपुढील अडचण निराळी होती. शिकलेले तरुण मिळत होते, यंत्र मिळत नव्हते. आयातीस परवाना लागे, परकीय चलन लागे, आणि वर यंत्राच्या किमतीहून अधिक जकात. १९७४ मध्ये बरोज या अमेरिकन कंपनीशी संबंध जोडून संगणक आणावयाचे ठरले, तेव्हा सरकारने अट घातली की यंत्राच्या किमतीच्या दुप्पट रकमेची संगणक-आज्ञावली निर्यात झाली पाहिजे. ज्या मालाची देशातून निर्यात जवळजवळ होतच नव्हती, त्याच्या निर्यातीची ही हमी! ती देताना दिल्लीच्या अधिकाऱ्यांची खात्री पटविणे, बरोजचा विश्वास मिळविणे आणि परदेशी पाठवावयाची माणसे तयार करणे, ही तिन्ही कामे एकाच वेळी चालली, कारण एक अडले तर उरलेली दोन निरर्थक ठरणारी होती. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर कोहली येथे प्रयोजक कर्ते आहेत. आज्ञावली लिहिणारे हात दुसऱ्यांचे होते. ‘कार्यकारी’ हा शब्द करणाऱ्याचा बोध करून देतो, करविणाऱ्याचा नव्हे. त्या अर्थी तो थोडा फसवाच म्हणावा लागेल.

भारतातील संगणक-उद्योगाचा उदय १९९१ च्या आर्थिक धोरणापासून मोजण्याची प्रथा आहे. ती अर्धवट वाटते. धोरणाने दारे उघडली हे खरे. परंतु स्वित्झर्लंडमधील रोखे-व्यवहाराच्या सेगा या संस्थेने आपल्या व्यवस्थेची उभारणी या भारतीय संस्थेकडे सोपविली ती १९८९ मध्ये, म्हणजे दारे उघडण्यापूर्वी. परकीय ग्राहकाचा हा विश्वास जुन्या निर्बंधांच्या काळातच जमलेला होता. पुण्यातील संशोधन-केंद्रही १९८१ चे. तात्काळ नफा न देणाऱ्या कामासाठी माणसे बाजूला काढण्याचा तो निर्णय होता.

१९९६ मध्ये प्रमुखपद एस. रामदोराई यांच्याकडे गेले. ते १९७२ मध्ये याच संस्थेत उमेदवारीस लागले होते आणि १९७९ मध्ये अमेरिकेतील कचेरी उघडण्यास त्यांनाच धाडले होते.

पदमुक्तीनंतर कोहली प्रौढसाक्षरतेकडे वळले. २००० साली आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात तेलुगू भाषेत सुरू झालेल्या या कार्यक्रमात अक्षरांची माला घोकविण्याऐवजी संगणकावर अख्खा शब्द चित्रासारखा ओळखावयास शिकवीत, आणि सुमारे चाळीस तासांत प्रौढास वृत्तपत्र वाचता यावे अशी योजना होती. ज्या लिपीत स्वरचिन्हे व जोडाक्षरे नियमाने रचली जातात, तिच्या बाबतीत शब्दचित्राची पद्धती कितपत पुरेल, हा भाषाशास्त्राच्या दृष्टीने वादाचा विषय आहे. परंतु वेळ थोडा, शिक्षक थोडे; म्हणून लेखनाचा भाग योजनेतून मुद्दाम वगळला होता आणि सारा भार वाचनावर टाकला होता.