शहाजीराजांचा दायविभाग

कर्ता पुरुष कांहींहि लिहून न ठेवतां गेला म्हणजे मागें दोन प्रश्न उभे राहतात. वाटेकरी कोण, हा पहिला. आणि वाटावयाचें तें काय, हा दुसरा. भाऊबंदकीचें मूळ पहिल्या प्रश्नांत आहे अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः पहिल्याचें उत्तर शास्त्र देतें. माणसें झगडतात तीं दुसऱ्यासाठीं. भोसले घराण्याला या दुसऱ्या प्रश्नानें दोन वेळां गांठलें, एकदां १६७७ त व पुन्हां १८५५ त. या दोन प्रसंगांचा एकत्र विचार करावा असें योजिलें आहे.

२३ जानेवारी १६६४ रोजीं शहाजीराजे होदिगेरे येथें शिकारींत घोड्यावरून पडून वारले. मृत्युपत्राची कल्पना आपल्या धर्मशास्त्राला परकी. ती इंग्रजी अमलांत रुजली. कल्याणीच्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत सांगितल्याप्रमाणें वडिलार्जित मिळकतींतील मुलाचा हक्क बापाच्या मरणानें नव्हे, तर स्वतःच्या जन्मानेंच उत्पन्न होतो. जें जन्मतःच मिळालें तें बाप मरतांना लिहून काय देणार? निरनिराळ्या मातांच्या पोटीं झालेल्या मुलांचे वाटेहि सारखेच. तेव्हां जिजाबाईंचे शिवाजीमहाराज आणि तुकाबाईंचे व्यंकोजीराजे हे समान वाटेकरी होत, याविषयीं शंका नाहीं. वडील बंधु संभाजीराजे कनकगिरीस आधींच पडले होते. पण त्यांचा मुलगा उमाजी याचा वाटा शास्त्राप्रमाणें बुडत नव्हता. या उमाजीचें नांव पुढील तंट्यांत कोणीच घेतलें नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

कर्नाटकांतील जहागीर व्यंकोजीराजांच्या हातीं राहिली. तेरा वर्षें शिवाजीमहाराजांनीं ती मागितली नाहीं. पुढें शहाजीराजांच्या कारभाऱ्याचे पुत्र रघुनाथपंत हणमंते व्यंकोजीराजांशीं न पटून महाराजांकडे आले आणि वाट्याची गोष्ट निघाली. १६७७ त महाराज गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशीं सख्य करून दक्षिणेंत उतरले, त्यांनीं जिंजी घेतली आणि कोलेरून नदीच्या कांठीं बंधूंची भेट झाली. सभासदाच्या बखरींत मागणी आहे ती वडिलांच्या बारा बिरुदांची. महाराजांच्या पत्रांत आहे ती अर्ध्या वाट्याची. व्यंकोजीराजे रातोरात निघून तंजावरास गेले.

आतां दोन्ही पक्ष न्यायासनापुढें उभे आहेत अशी कल्पना करूं. व्यंकोजीराजांच्या बाजूनें बोलण्यासारखें थोडें नाहीं. वतन हें वंशपरंपरेचें. त्याचे वाटे पडतात. मोकासा मात्र धन्याच्या मर्जीचा. विजापूरकरांनीं दिलेला मुलूख विजापूरकरांशीं वैर धरणाऱ्या भावानें कोणत्या नात्यानें मागावा? शिवाय तंजावर त्यांनीं स्वतः घेतलेलें. पितृधनाला धक्का न लावतां जें मिळविलें तें अविभाज्य, असें शास्त्र आहे. आणि शहाजीराजांनीं हयातींतच पुण्याची जहागीर एका मुलाकडे व कर्नाटक दुसऱ्याकडे ठेवून विभाग करून दिला नव्हता काय?

महाराजांच्या बाजूनें उत्तर असें कीं, तंजावर घेणारी फौज, पैसा आणि लौकिक हीं सारीं शहाजीराजांचीं; म्हणून तें स्वार्जित नव्हे. उत्तर बिनतोड आहे. पण तें दुधारी आहे. पुण्याची जहागीरहि शहाजीराजांचीच होती. तिच्या पायावर जें स्वराज्य उभें राहिलें त्यांत व्यंकोजीराजांचा वाटा निघतो कीं नाहीं? हा प्रश्न तेव्हां कोणी विचारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. १६७४ त ज्याला राज्याभिषेक झाला त्याचें राज्य वाटपाचा विषय राहिलें नव्हतें. म्हणजे एका भावाचें तें राज्य आणि दुसऱ्याचें तें घर, असा हा हिशेब होता.

निर्णय अखेर रणांगणावर लागला. नोव्हेंबर १६७७ मध्यें व्यंकोजीराजांनीं महाराजांच्या सैन्यावर हल्ला केला. त्या सैन्याचा नायक संताजी हा शहाजीराजांचाच दासीपुत्र. ज्याला बरोबरीचा वाटा कधींच मिळावयाचा नव्हता तो वाट्याची लढाई लढत होता! दिवसा तो हटला आणि रात्रीं उलटून जिंकला. नंतर तह झाला. दीपाबाईंनीं पतीचें मन वळविलें असें बखरकार सांगतात. त्यांनीं दिलेल्या कलमांत बंगळूर, होसकोट व शिरालकोट हीं दीपाबाईंना चोळीबांगडीसाठीं दिलीं असून तीं मातेकडून कन्येकडे जावीं अशी योजना आहे. ज्या भावजयीचा दायविभागांत शब्दहि नव्हता तिच्याच पदरीं वादग्रस्त मुलुखाचा मोठा तुकडा पडला.

जदुनाथ सरकारांनीं या स्वारीचा हेतु द्रव्य हा मानला. द्रव्याची गरज होती यांत संशय नाहीं. पण केवळ द्रव्यासाठीं आलेला मनुष्य भावजयीला चोळीबांगडी देत नाहीं. आमच्या मतें महाराजांनीं राज्याचा प्रश्न घराच्या भाषेंत मांडला, आणि म्हणूनच तो घराच्या रीतीनें मिटूं शकला.

याच्या उलट प्रसंग तंजावरचा. २९ ऑक्टोबर १८५५ रोजीं तेथील शेवटचे राजे शिवाजी हे पुत्रावांचून वारले. कंपनीनें राज्य खालसा केलें आणि राजांची खासगी मालमत्ताहि ताब्यांत घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टांत गेल्या व तेथें जिंकल्या. परंतु १८५९ त प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं, ही राज्यसत्तेची कृति आहे. तिचा न्याय कोर्टाला करतां येत नाहीं. शिवाजीमहाराजांनीं राज्याला घर म्हटलें होतें. कंपनीनें विधवेच्या घरालाच राज्य म्हटलें. १८६२ त सरकारनें ती खासगी मिळकत राण्यांना हयातीपुरती व पुढें राजकन्येला परत दिली, पण हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून.

१९५६ च्या कायद्यानें विधवेला व मुलीला वारस मानलें. २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीचा हक्क मुलाप्रमाणें जन्मापासूनचा झाला. वाटेकरी कोण, याचें उत्तर विज्ञानेश्वरापेक्षां अधिक न्याय्य झालें. पण बापाच्या पैशावर मुलानें वाढविलेलें दुकान बापाचें कीं मुलाचें, हा वाद आजहि घरोघर आहे. त्या वेळीं भावानें भावाला विचारण्याचा प्रश्न एकच : तुझ्या कमाईंत वडिलांचें जें आहे तें मी मागतों, माझ्या कमाईंत त्यांचें जें आहे तें मोजावयास मी तयार आहें काय?