सतरा वर्षांत उघडलेलं कुलूप

क्वांटम कॉम्प्युटरचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक, "आता जग बदलणार". दुसरा, "आपला काय संबंध?" मला या निमित्ताने एका कुलपाचा इतिहास सांगायचाय. ते कुलूप किंवा त्याचं भावंड आत्ता तुमच्या मोबाईलमध्येही आहे.

साल १९७७. अमेरिकेत एमआयटीमधल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी गुप्त संदेश पाठवण्याची नवी पद्धत काढली. तिघांच्या आडनावांवरून ती आरएसए. तत्त्व अगदी शाळकरी आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार चुटकीसरशी होतो, पण नुसता गुणाकार हातात देऊन "आता त्या दोन संख्या शोधा" म्हटलं की भलंमोठं यंत्रही घाम गाळतं. मार्टिन गार्डनर यांनी त्याच ऑगस्टमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात १२९ अंकी संख्या छापली. फोडणाऱ्याला १०० डॉलर. अंदाज होता ४० हजार लाख कोटी वर्षांचा.

लागली सतरा वर्षं. १९९४ च्या एप्रिलमध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून आपापल्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ जोडून, आठेक महिने खपून ती संख्या फोडली. आत निघाला एक निरर्थक संदेश, त्यात हाडं फोडून खाणाऱ्या गिधाडाचं नाव! लोक हसले, मोठ्या संख्या वापरू लागले, विषय संपला.

संपला नव्हता. त्याच वर्षी न्यू जर्सीच्या बेल लॅब्समध्ये पीटर शोर या गणितज्ञानं कागदावर दाखवून दिलं की क्वांटम कॉम्प्युटर तयार झाला तर संख्या कितीही मोठी करा, फार फरक पडणार नाही. तोवर ही कल्पना म्हणजे भौतिकशास्त्रज्ञांचा छंद होता. निसर्ग क्वांटम नियमांनी चालतो, मग त्याची नक्कल करणारं यंत्रही तसंच हवं, असं फाईनमन यांनी १९८१ मध्ये मांडलं होतं. शोरनं त्या छंदाला दात दिले.

त्याची युक्ती तुम्ही पेन घेऊन करून बघा. १५ फोडायचेत. २ चे घात घ्या: २, ४, ८, १६, ३२, ६४... प्रत्येकाला १५ ने भागून बाकी लिहा. २, ४, ८, १, पुन्हा २, ४, ८, १. दर चार पायऱ्यांनी चक्र फिरतं. चारचं निम्मं दोन. २ चा दुसरा घात ४. त्यातून एक वजा केला की ३, एक मिळवला की ५. झाले १५ चे तुकडे! (मोठ्या संख्येत शेवटी मसावि काढावा लागतो, एवढंच.)

अडचण अशी की आज वापरात असलेल्या ६१७ अंकी संख्येचं हे चक्र इतकं लांब असतं की मोजून संपणार नाही. इथे क्वांटम यंत्र कामाला येतं. त्याचा क्युबिट ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. "तो सगळी उत्तरं एकदम तपासतो" असं लोक सांगतात, ते अर्धसत्य आहे. मोजायला गेलं की हाती एकच उत्तर येतं. खरी कमाल लाटांची. तळ्यात दोन दगड टाकले की कुठे लाटेवर लाट चढते, कुठे दोन्ही एकमेकींना मारतात. शोरच्या पद्धतीत चुकीची उत्तरं तशी एकमेकांना मारतात आणि चक्राची लांबी सांगणारी तेवढी वर येतात.

२००१ मध्ये आयबीएम आणि स्टॅनफर्डच्या चमूनं सात क्युबिटवर हे करून दाखवलं. उत्तर काय, तर १५ म्हणजे ३ गुणिले ५. चौथीतलं पोर सांगेल. पण पुढचे आकडे बघा. आजचं २०४८ बिटांचं आरएसए कुलूप आठ तासांत फोडायला २ कोटी क्युबिट लागतील, असा २०१९ चा हिशोब होता. २०२५ मध्ये गूगलच्या क्रेग गिडनी यांनी तो १० लाखांच्या आत आणला, वेळ आठवड्याहून कमी. गूगलची २०२४ ची विलो चिप आहे १०५ क्युबिटची. अंतर अजून प्रचंड आहे, घाबरवणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका.

तरी मला चिंता वाटते, कारण चोरी आधी होऊ शकते. कुलूपबंद माहिती आज उचलून साठवायची, किल्ली मिळेल तेव्हा उघडायची. पासवर्ड बदलता येतो, बोटांचे ठसे कुठून बदलणार? आजारपणाची नोंदही तीस वर्षांनी खोटी होत नाही.

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं २०१६ मध्येच नवी कुलपं मागवली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तीन मानकं जाहीर केली. आपल्या केंद्र सरकारनं २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६००३ कोटी मंजूर केले, त्यातलं सेन्सिंगचं केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. चांगलंच आहे. पण यंत्र बनवणं वेगळं आणि दवाखान्यापासून तलाठी कार्यालयापर्यंतची कुलपं बदलणं वेगळं. ते काम कंटाळवाणं आहे, त्याची फीत कापता येत नाही. पुढच्या वेळी आपल्या पालिकेची किंवा जिल्हा परिषदेची सॉफ्टवेअरची निविदा निघेल तेव्हा मी त्यात दोनच गोष्टी शोधणार आहे: कुलूप कोणतं लिहिलंय, आणि ते बदलायची वेळ आली तर खर्च कुणाच्या माथी.