कापसाची मोजदाद आणि गावाची मोजदाद

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, बोर नदीच्या खोऱ्यात, जेथे काळ्या कसदार जमिनीचा पट्टा संपून सागवानाच्या डोंगरटेकड्यांना आरंभ होतो, तेथे हिंगणी हे गाव वसलेले आहे. आज बोर धरणाकडे आणि व्याघ्रप्रकल्पाकडे जाणारा प्रवासी मोटारीतून येथील वस्तीवर एक ओझरती दृष्टी टाकतो आणि पुढे निघून जातो. परंतु व्यापार आणि व्यवस्थापन यांविषयी ज्यास आपण आज ‘संशोधन’ म्हणतो, त्या उद्योगाचा हिंदुस्थानातील एक अतिशय जुना आणि अनेक अंगांनी उद्बोधक अध्याय याच परिसरात लिहिला गेला आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. बाजार कसा चालतो, तो कोणी चालवावा आणि त्यात पिकविणाऱ्याच्या पदरात काय पडते, या तीन प्रश्नांचा शोध येथे दोनदा घेतला गेला. एकदा कापसाच्या गाठी मोजून आणि दुसऱ्यांदा गावे मोजून.

1853 साली तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे निधन होऊन नागपूरचे राज्य खालसा झाले, 1861 साली मध्यप्रांत अस्तित्वात आला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी नागपूर जिल्ह्यापासून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. जिल्ह्याची घडी बसत असतानाच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-नागपुराकडील पांढऱ्या सोन्याचा भाव आकाशास भिडला. हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याकडे प्रथम या जिल्ह्याच्या जमीनबंदोबस्ताचे काम आणि त्यानंतर 1866 पासून मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या ‘कॉटन कमिशनर’चे पद आले. पेरा किती, गाठी किती, कोणत्या पेठेत काय भाव, गाड्यांची वाहतूक कोणत्या वाटेने होते, याची टाचणे व अहवाल त्याच्या दफ्तरातून निघू लागले. बाजाराची माहिती नियमाने गोळा करून ती व्यापाऱ्याच्या हाती द्यावी, ही आज प्रत्येक कंपनीच्या कचेरीत रूढ झालेली पद्धत या प्रदेशास तेव्हाच ठाऊक झाली होती. नागपुरापर्यंत आगगाडी 1867 मध्ये पोचली, आणि 1870 साली खामगावच्या शाखामार्गाचे उद्घाटन करण्यास खुद्द लॉर्ड मेयो आले, यावरून या पिकाचे सरकारदरबारी केवढे वजन होते हे उघड होते.

मात्र त्या सगळ्या चौकशीचा रोख एकाच दिशेने होता. हिंगणघाटच्या नावाने प्रसिद्ध असलेली, लांब आणि मऊ धाग्याची ‘बनी’ जातीची रुई इंग्लंडच्या गिरण्यांस हवी होती. तेव्हा तिचेच बियाणे वाढवावे, भेसळ रोखावी आणि रयतेस तिच्या लागवडीची गोडी लावावी, असा साहेबांचा खटाटोप चालू होता. रयतेचा हिशेब निराळा होता. बनीच्या बोंडातून सरकीच्या मानाने रुई कमी निघे. आखूड व जाड धाग्याच्या ‘जरी’ वाणाची झडती अधिक, उतारा अधिक, आणि पेठेत दोहोंच्या भावात जो फरक मिळे तो या तुटीची भरपाई करण्यास पुरेसा नव्हता. म्हणून शेतकरी हळूहळू जरीकडे वळला आणि बनीची कीर्ती उरली. विलायतेच्या मागणीचा एवढा अभ्यास करणाऱ्या दफ्तरास शेतकऱ्याच्या खळ्यावरील हा साधा ताळा सुचला नाही, असे म्हणणे कदाचित अन्यायाचे होईल; त्यास तो सुचला असेल, पण तो ताळा घालण्याचे त्याचे कामच नव्हते.

पेठेतील व्यवहार कसा होत असे, हे थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. बैलगाडी रात्रभर चालून पहाटे बाजारात शिरली की अडत्या पुढे होई; दलाल आणि खरेदीदार एका रुमालाखाली हातात हात घालीत आणि बोटे दाबून भाव ठरवीत, तो भाव गाडीवर बसलेल्या धन्यास मागाहून कळे. सौदा झाल्यावर गाडी जिनात रिकामी होई, आणि तेथे माल ओला आहे, कचरा आहे, नमुन्याबरहुकूम नाही, अशा सबबींवर भावात कापाकापी सुरू होई. माघारी फिरावे तर बैल थकलेले, आणि सावकाराचा हप्ता दारात उभा. त्यावर अडत, तोलाई, हमाली, कडता आणि धर्मादाय अशी वजावट होऊन जे उरे ते गाठीस बांधून शेतकरी परत निघे. 784 पौंडांची मुंबईची खंडी, तिच्या निम्म्याची म्हणजे 392 पौंडांची दाबलेली गाठ, आणि प्रत्येक गावचा निराळा मण, या मापांच्या गुंतावळ्यात नुकसान कोठे झाले हे सांगणे पटवाऱ्यासही साधले नसते.

या अव्यवस्थेवर इलाज झाला तो वर्धा नदीच्या पलीकडे. हैदराबादच्या रेसिडेंटच्या अमलाखालील वऱ्हाडात कारंजा येथे 1886 साली नियंत्रित बाजाराची सुरुवात झाली आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. दलाल व मापारी यांस परवाना, वजनकाट्यांची तपासणी, ठरल्याखेरीज अन्य वजावट नाही, आणि हे सर्व पाहण्यास एक समिती, अशी ही रचना होती. पुढे 1928 च्या शाही कृषी आयोगाने हिंदुस्थानभर नियंत्रित बाजार असावेत अशी शिफारस करताना याच वऱ्हाडी नमुन्याकडे बोट दाखविले. पण त्या आयोगासही एक वैगुण्य दिसलेच: ज्याच्यासाठी बाजार भरतो त्या पिकविणाऱ्यास समितीत जागा नव्हती, कारभार व्यापाऱ्यांच्या हाती होता. इकडे मध्यप्रांतास स्वतःचा कापूस बाजार कायदा मिळण्यास 1932 साल उजाडले. नदी ओलांडून एक कायदा अलीकडे येण्यास पस्तीस वर्षे लागावीत, हे राज्यकारभाराच्या गतीचे एक उत्तम परिमाण मानावयास हरकत नाही.

याच काळात कारखानदारीच्या व्यवस्थापनाचा एक धडा नागपुरात गिरविला गेला, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य नाही. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून कापसाच्या शेतांजवळ गिरणी काढली आणि 1 जानेवारी 1877 रोजी ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली. तिची सूत्रे रेल्वेत नोकरी केलेल्या, पण वस्त्रोद्योगाचा कसलाच अनुभव नसलेल्या बेझनजी मेहतांच्या हाती सोपविली. तेथे 1886 साली निवृत्तिवेतनाचा निधी उभा राहिला आणि 1895 पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. माणूस पारखून त्यास मोकळीक देणे, हा नेतृत्वाचा गुण पुस्तकांत लिहिला जाण्याच्या किती तरी आधी तेथे आचरणात होता. मात्र गिरणीच्या भिंतीआत कामगारास मिळालेली ही सुरक्षितता भिंतीबाहेर कापूस घालणाऱ्या कुणब्यापर्यंत पोचण्याचा संभव नव्हता.

दुसरी मोजदाद वर्धेस मगनवाडीत सुरू झाली. तंजावरचे जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा हे लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले, मुंबईत स्वतःची पेढी चालविणारे गृहस्थ. त्यांनी अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात व्यवसाय-व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केला. हाच मनुष्य 1934 च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा चिटणीस होऊन, जमनालाल बजाजांनी देऊ केलेल्या मगनवाडीच्या बागेत येऊन बसला. कंपन्यांचा ताळेबंद तपासण्याची विद्या ज्याने कमावली, त्याने तीच विद्या घाणी, चक्की आणि चूल यांवर चालविली, ही घटना आपल्या आर्थिक विचाराच्या इतिहासात असावयास हवी तितकी प्रसिद्ध नाही. गिरणीच्या तेलाने तेली का बसला, हा प्रश्न हळहळीचा न ठेवता तेथे यंत्राचा केला गेला. सुधारलेली ‘वर्धा घाणी’ तयार झाली, आणि 1938 च्या डिसेंबरअखेर गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात अशी साधने मांडली गेली.

प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ असताना औद्योगिक पाहणी समिती नेमली गेली, कुमारप्पा तिचे अध्यक्ष झाले, आणि 606 गावांच्या पाहणीवर आधारलेला तिचा अहवाल 1939 मध्ये निघाला. रिव्हेट-कार्नॅकने विचारले होते की, या जिल्ह्यातून बाहेर किती जाते. कुमारप्पांनी विचारले की, गावात किती राहते. प्रश्न बदलताच मोजण्याची वस्तूही बदलली: गाठींच्या जागी घराघरांतील उत्पन्न, धंदा आणि रिकामे बसलेले हात यांची नोंद झाली. हा अहवाल निर्दोष होता असे माझे म्हणणे नाही. मोठ्या यंत्राविषयी त्यांचा आकस कधीकधी तपासाच्या आधीच निर्णय देऊन मोकळा होई, आणि कापूस पिकविणाऱ्यास पेठेवाचून गत्यंतर नाही ही गोष्ट ते पुरेशी मनावर घेत नसत. तरीही ज्याचा माल त्याच्या घरापासून हिशेब सुरू करावा, हा त्यांचा आग्रह आजच्या व्यवस्थापनशास्त्रासही पचनी पडलेला नाही. युद्ध सुरू होऊन मंत्रिमंडळे बाहेर पडली आणि शिफारशी कागदावर राहिल्या. पुढे कुमारप्पांनी याच सेलू तालुक्यात सेलडोह येथे ‘पन्नई आश्रम’ काढून शेतीचे प्रयोग आरंभिले, ते प्रकृतीच्या कारणाने त्यांना फार काळ चालविता आले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली, 1963 च्या कायद्याने महाराष्ट्रभर बाजार समित्यांस एकच चौकट मिळून शेतकऱ्यांचे प्रतिनिधी त्यांत बसले, आणि 1972 पासून राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, जी पुढे तोट्याच्या ओझ्याने संपुष्टात आली. रुमालाखालचा सौदा जाऊन उघडा लिलाव आला, ही सुधारणा लहान नव्हे. परंतु एकाधिकाराच्या यशापयशावर जितके लिहिले गेले, त्यात भाव, उचल आणि तोटा यांचीच चर्चा आढळते; बोरकाठच्या एखाद्या घरात त्या पैशाचे पुढे काय झाले, हे पहावयास पुन्हा कोणी गेले नाही. 606 गावांच्या पाहणीचा अहवाल ग्रंथालयांत आहे. नागपूर-वर्ध्याच्या महाविद्यालयांतून व्यवस्थापनाचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधीत असतात. त्यांच्या अध्यापकांनी तो अहवाल काढून, सेलू तालुक्यातील चारदोन गावे, हिंगणीसह, त्याच पद्धतीने एकदा फिरून मोजावीत.